मुलांचा ताबा: ‘परस्पर सोयीनुसार भेट’ हे शब्द संमतिपत्रात का नकोत

परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या कागदात एक वाक्य हमखास सापडतं: ‘अपत्याचा ताबा आईकडे राहील व वडील परस्पर सोयीनुसार अपत्यास भेटू शकतील.’ सही करताना ते दोघांनाही समंजसपणाचं वाटतं. वर्ष संपायच्या आत त्याच वाक्यावरून दोघं पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढतात. ज्या दोन माणसांचं एकमेकांशी जुळलं नाही, त्यांच्याच सोयीवर मुलाची भेट टांगलेली असते. शनिवारी याला सोयीचं असतं तेव्हा तिला नसतं. मग ‘मुद्दाम भेटू देत नाही’ आणि ‘वाटेल तेव्हा उगवतो’ अशा दोन तक्रारी तयार होतात आणि दोन्ही थोड्याथोड्या खऱ्या असतात.

ताब्याचे बहुतेक वाद ‘मूल कोणाचं’ यावर पेटत नाहीत. शुक्रवारी शाळेतून कोणी आणायचं, आजारी पडलं तर काय, मे महिन्यात किती दिवस, फी कोणी भरायची, अशा न लिहिलेल्या गोष्टींवर ते पेटतात. म्हणून हा लेख आधी कायद्याची किमान माहिती देतो आणि मग जास्त वेळ त्या न लिहिलेल्या गोष्टींवर घालवतो.

कायदा किती आणि कुठे

तीन शब्दांची गल्लत होते. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने मोठे निर्णय घेण्याचा आणि सही करण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मूल रोज कोणाकडे राहतं. भेट, म्हणजे कोर्टाच्या बोलीभाषेत ॲक्सेस, ही ज्याच्याकडे मूल राहत नाही त्याची. ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचं पालकत्व संपत नाही. हे दोघांनीही नीट समजून घ्यावं.

घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली मुलांबाबत आदेश मिळतात. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम ३८ आहे. दावा नाही, नुसतेच वेगळे राहत आहात, तर पालक व पाल्य कायदा, १८९० आहे. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू होतो. या कायद्याचा अर्ज, मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या कोर्टात करायचा असतो. मुलाला रातोरात नाशिकहून कोल्हापूरला नेलं म्हणून कोल्हापूरचं कोर्ट आपोआप मिळत नाही, उलट नेणाऱ्याबद्दल पहिलंच मत वाईट होतं.

हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम ६ म्हणतं की पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं. ‘सामान्यतः’ हा शब्द महत्त्वाचा. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की एवढ्या लहान मुलाबाबत आई अयोग्य आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी वडिलांवर येते. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई असं लिहिलं आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात न्यायालयाने ‘त्यांच्यानंतर’चा अर्थ केवळ मृत्यूनंतर असा न घेता ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ असा घेतला. पाच वर्षांनंतर मूल आपोआप वडिलांकडे जातं हा समज चुकीचा आहे. कलम १३ नुसार सगळ्यावर एकच कसोटी, मुलाचं हित.

हित म्हणजे न्यायाधीश काय पाहतात? आजवर मुलाचं जेवणखाण, अभ्यास, दवाखाना कोणी पाहिला. शाळा आणि मित्र तेच राहतील का. भावंडं एकत्र राहतील का. पालकाच्या कामाच्या वेळा काय आहेत, आणि तो कामावर असताना घरात कोण असतं. आणि जे अनेकांना माहीत नसतं: हा पालक दुसऱ्याला मुलाला भेटू देण्याच्या मनःस्थितीत आहे का. पगार मोठा म्हणून ताबा मिळत नाही. पैशांची तूट खर्चाच्या आदेशाने भरून काढता येते.

वेळापत्रक: दिवसापेक्षा रात्री मोजा

‘दर रविवारी ११ ते ५’ ही सर्वांत लोकप्रिय व्यवस्था. हिशेब केला तर वर्षाला ३१२ तास, म्हणजे फक्त १३ दिवस. शिवाय ते तेरा दिवस मॉलमध्ये आणि हॉटेलात जातात. त्यात मूल अभ्यासाला बसत नाही, आजारी पडत नाही, रुसत नाही. पालक पाहुणा बनतो. सुरक्षिततेची अडचण नसेल आणि मूल शाळेच्या वयाचं असेल, तर मुक्काम असलेली भेट घ्या.

महिन्यातले दोन शुक्रवार ते सोमवार सकाळ, शिवाय उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीचा अर्धा अर्धा भाग, एवढं धरलं तर वर्षाला नव्वदच्या आसपास रात्री होतात. त्यात एक बुधवारची संध्याकाळ घातली की दोन भेटींमधलं अंतर कमी होतं. तीन वर्षांखालच्या बाळाचं गणित वेगळं: त्याला पंधरा दिवसांनी तीन रात्रींपेक्षा आठवड्यातून तीनदा दोन-दोन तास जास्त उपयोगाचे. त्या वयात दोन आठवड्यांचा खंड म्हणजे पुन्हा ओळख करून घेणं.

अर्ध्या-अर्ध्या ताब्याची मागणी आता वाढते आहे. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणण्याची शिफारस केली होती. अर्ध्या-अर्ध्या ताब्याची एक पद्धत २-२-३: सोमवार-मंगळवार एकाकडे, बुधवार-गुरुवार दुसऱ्याकडे, शुक्रवार ते रविवार पुन्हा पहिल्याकडे, आणि पुढच्या आठवड्यात उलट. चौदा दिवसांत प्रत्येकी सात रात्री होतात. पण दोन्ही घरं शाळेपासून अर्ध्या तासात असली तरच हे चालतं. एक घर डोंबिवलीत, दुसरं बोरिवलीत आणि शाळा ठाण्यात असेल तर ही समानता मूल आपल्या झोपेतून भरतं. तिथे त्याचा आग्रह धरू नये.

आता कलम कसं लिहायचं ते पाहा. ‘पहिला आणि तिसरा वीकेंड वडिलांकडे’ हे वरवर नेमकं वाटतं. पण महिन्याची १ तारीख शनिवारी आली तर शुक्रवार, ३१ तारीख कोणत्या महिन्याची? पाचवा शुक्रवार आला तर तो कोणाचा? एवढ्यावरून दाराशी भांडणं होतात. त्याऐवजी असं लिहा:

‘दर महिन्यातल्या पहिल्या व तिसऱ्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर वडील मुलीला शाळेच्या फाटकातून घेतील व सोमवारी सकाळी शाळेत सोडतील. महिन्यात पाचवा शुक्रवार आल्यास तो सम वर्षात वडिलांचा, विषम वर्षात आईचा. शुक्रवारी शाळेला सुट्टी असल्यास संध्याकाळी ६ वाजता आईच्या सोसायटीच्या गेटवर. सोमवारी सुट्टी असल्यास सकाळी ९ वाजता तिथेच. उशीर होणार असल्यास १५ मिनिटं आधी मेसेज. ४५ मिनिटांत न कळवता कोणी न आल्यास त्या दिवसाची भेट रद्द, दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता घेता येईल. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितल्यास भेट पुढच्या शुक्रवारी, आणि मधल्या काळात रोज १५ मिनिटांचा व्हिडिओ कॉल.’

वाचायला रुक्ष आहे. पण यातल्या प्रत्येक ओळीने एकेक अर्ज वाचतो. ‘मुलगी आजारी आहे’ हे भेट टाळण्याचं सगळ्यात जुनं कारण आहे आणि ते पुष्कळदा खरंही असतं. म्हणूनच आजारपणात काय होईल हे आधीच लिहिलेलं बरं.

सण तारखेने लिहू नका, नावाने लिहा, कारण अधिक मास आला की सगळं सरकतं. लक्ष्मीपूजन आणि पाडवा एकाकडे, भाऊबीज दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. गणपतीला कोकणात गावी जायची रीत असेल तर किती दिवस आणि शाळेची किती दिवस रजा चालेल हे लिहा. वाढदिवस शाळेच्या दिवशी आला तर संध्याकाळ एकाकडे आणि लगतचा रविवार दुसऱ्याकडे. नवीन दिनदर्शिका आली की डिसेंबरातच दोघांनी वर्षभराचे दिवस खुणा करून तिचा फोटो एकमेकांना पाठवावा. आणि आजी-आजोबांना विसरू नका. आपल्याकडे अनेक मुलांना खरं तर आजीने वाढवलेलं असतं. तिचा उल्लेख कागदात नसेल तर पुढे कोणीतरी ‘भेट फक्त वडिलांची आहे, त्यांच्या आईची नाही’ असं म्हणतंच.

सोपवण्याची दहा मिनिटं

मुलाला सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. एकाने सकाळी शाळेत सोडायचं आणि दुसऱ्याने संध्याकाळी शाळेतून न्यायचं, ही पद्धत उत्तम, कारण दोघं समोरासमोर येतच नाहीत. ते शक्य नसेल तर सोसायटीचं गेट, वाचनालय, बाग असं ठिकाण ठरवा. घराच्या दारात नको, दारात जुनी भांडणं उभी असतात. त्या वेळात पैसे, वकील, तारीख हे विषय काढू नयेत. मुलाच्या हातून चेक किंवा नोटीस तर कधीच पाठवू नये.

गणवेश, चपला, दात घासायचा ब्रश, चार्जर दोन्ही घरी वेगवेगळे ठेवा. दप्तरात फक्त चष्मा, इनहेलरसारखी रोजची औषधं, शाळेचं ओळखपत्र आणि अर्धवट गृहपाठ जातो. रोज कुशीत घेऊन झोपायची गोधडी असेल तर ती मात्र मुलाबरोबर ये-जा करते, तिची जोडी विकत मिळत नाही. डबा रिकामा आणि धुतलेला परत जावा. लहानशी गोष्ट आहे, पण आंबलेल्या डब्यावरून लिहिलेले मेसेज कोर्टाच्या फायलीत दिसतात.

परत आलेलं मूल पहिला तासभर गप्प किंवा चिडचिडं असतं. त्यावरून ‘तिकडे काहीतरी झालं’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. एका घरातून दुसऱ्या घरात मन यायला वेळ लागतो. जेवायला वाढा, खेळू द्या. ‘बाबांकडे कोण आलं होतं?’ किंवा ‘आई माझ्याबद्दल काय म्हणाली?’ हे प्रश्न मुलाला हेर बनवतात. मूल दोन्हीकडे ऐकणाऱ्याला आवडेल तेच बोलायला शिकतं, आणि मग दोन्ही पालक शपथेवर परस्परविरोधी गोष्टी सांगतात.

पालकांनी एकमेकांशी बोलायचं ते लेखी, आणि एका मेसेजमध्ये एकच विषय. ‘मंगळवार, १४ ला संध्याकाळी ५:३० ला दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी नेते. खर्च साधारण १,२०० रुपये. हरकत असेल तर रविवारी रात्रीपर्यंत कळव.’ यात माहिती आहे, प्रस्ताव आहे, मुदत आहे. ‘तुला कधी तिच्या दातांची काळजी होती?’ ही ओळ जोडली की उत्तर दातांबद्दल येत नाही. प्रत्येक मेसेज उद्या न्यायाधीश वाचतील असं धरून लिहा. तसे ते खरोखर वाचतात.

पैसे आणि भेट, दोन वेगळे रस्ते

खर्च दिला नाही म्हणून भेट बंद, आणि भेट दिली नाही म्हणून खर्च बंद, ही चूक दोन्ही बाजू करतात आणि दोन्ही बाजूंना महागात पडते. मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे, भेट हीसुद्धा. ‘मुलासाठी काहीही मागणार नाही’ असं आईने लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही.

वाटा उत्पन्नाच्या प्रमाणात ठरवणं सोपं पडतं. एकाचं निव्वळ उत्पन्न ९०,००० आणि दुसऱ्याचं ६०,००० असेल तर प्रमाण ६०:४०. मुलाचा महिन्याचा खर्च २५,००० असेल तर १५,००० आणि १०,०००. हा नेहमीचा खर्च झाला. वरच्या खर्चासाठी मर्यादा लिहा: ५,००० च्या वरचा खर्च आधी विचारून, पावती पाठवल्यापासून दहा दिवसांत परतफेड. शाळेची फी दरवर्षी वाढते, तेव्हा वार्षिक वाढही लिहा. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्यावर अडकलेले लोक फार आहेत. वाद कोर्टात गेलाच तर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात लपवलेलं बँक खातं सापडलं की बाकीच्या बोलण्यावरचा विश्वासही जातो.

एकमत होत नाही तेव्हा

आधी निर्णयांचे दोन भाग करा. जेवण, झोपेची वेळ, कपडे, सर्दी-खोकला हे त्या दिवशी मूल ज्याच्याकडे त्याने पाहावं. दुसऱ्याने ढवळाढवळ करू नये. शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, पासपोर्ट, गाव बदलणं, मुंजीसारखे संस्कार हे दोघांच्या लेखी संमतीने. यात अडलं तर कोणाचं ऐकायचं तेही आधी लिहा: तब्येतीबाबत मुलाच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांचं, अभ्यासाबाबत वर्गशिक्षकांचं. पुढची पायरी मध्यस्थी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दावा दाखल होण्याआधीही मध्यस्थी करता येते, आणि स्त्रिया व मुलांना त्यांचं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. मध्यस्थीत बोललेलं गोपनीय असतं, त्यामुळे तिथे मोकळेपणाने प्रस्ताव ठेवता येतात.

हे सगळं दोन सुरक्षित पालकांसाठी आहे. घरात मारहाण, धमक्या, व्यसन किंवा मुलावर अत्याचाराची शंका असेल तर ‘समोरासमोर बसून ठरवा’ हा सल्ला धोकादायक आहे. तिथे कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ च्या कलम २१ खाली तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेटीमुळे मुलाला अपाय होईल असं वाटल्यास दंडाधिकारी भेट नाकारू शकतात. भेट द्यायचीच तर ती कोर्टाच्या आवारात किंवा तिसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीत मागा.

कौटुंबिक न्यायालयात अर्ज गेला की समेटाचा प्रयत्न करणं हे १९८४ च्या कायद्याने कोर्टाचं कर्तव्यच आहे. महाराष्ट्रात हे काम विवाह समुपदेशक करतात. त्यांच्यासमोर जाताना आरोपांची यादी नेऊ नका, मुलाच्या आठवड्याचं वेळापत्रक न्या: कोण उठवतं, बस किती वाजता, शिकवणी कुठे, डॉक्टर कोण. ज्याला हे तोंडपाठ आहे त्याला वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. समजत्या वयाच्या मुलाशी न्यायाधीश दालनात एकट्याने बोलतात. कायद्यात वयाचा आकडा नाही, समज पाहतात. घरी पढवून पाठवू नका. आठ वर्षांचं मूल ‘मानसिक छळ’ किंवा ‘पोटगी’ असे शब्द वापरू लागलं की ते कोणाचे आहेत हे लगेच कळतं. एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणं किती घातक असतं, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

मुख्य निकालाला वेळ लागतो, म्हणून अंतरिम अर्ज, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज, पहिल्याच दिवशी द्या. मे महिन्यातल्या भेटीचा अर्ज मार्चमध्येच गेला पाहिजे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी असते आणि पुढे कोर्टांनाही सुट्टी लागते. अंतिम आदेशाविरुद्ध ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील होतं. अंतरिम आदेशाविरुद्ध अपील नाही, रिट याचिका करावी लागते.

आदेश असूनही भेट मिळाली नाही तर ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जा, पोहोचल्याचा मेसेज करा, थांबा, शांतपणे परत या. तीन-चार वेळचा असा नोंदवलेला हिशेब घेऊन अंमलबजावणीचा आणि भरपाईच्या भेटीचा अर्ज करा. मुलाला उचलून नेणं हा मार्ग नाही, आणि आदेशच नसेल तर पोलिसांत धावूनही फारसं काही होत नाही: कोर्टाने मनाई केलेली नसताना जन्मदात्या वडिलांनी मुलाला नेलं म्हणून अपहरणाचा गुन्हा होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलं. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेल्या कराराचंही तसंच. तो कोर्टात दाखल होऊन आदेशाचा भाग झाल्याशिवाय त्याची थेट अंमलबजावणी होत नाही.

एक पालक परदेशात जाणार असेल तर जास्त जपून लिहा. आंतरराष्ट्रीय बालअपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे पुण्याहून न्यू जर्सीला किंवा तिकडून इकडे आणलेल्या मुलाचा प्रश्न इथलं कोर्ट मुलाचं हित पाहून नव्याने तपासतं. परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा राहतो. स्थलांतराची ६० दिवस आधी लेखी सूचना, परतीचं तिकीट आणि पासपोर्ट कोणाकडे राहील, हे कागदात हवंच. दूर असलेल्या पालकाला रोज ५ ते १० मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे; कॉलची वेळ भारतीय घड्याळाने लिहा आणि अमेरिकेत घड्याळ बदलतं तेव्हा ती कशी सरकेल तेही.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. ताबा, खर्च असं सगळं मिटलेलं असेल तर हा काळ माफ होऊ शकतो, असं २०१७ पासून आहे. पण लहान मूल असेल तर तो माफ करून घ्यायची घाई करू नका. त्या सहा महिन्यांत लिहिलेलं वेळापत्रक प्रत्यक्ष चालवून पाहा. बुधवारची संध्याकाळ शिकवणीशी आदळते, सोमवारी सकाळी दुसऱ्या घरून बस चुकते, हे तेव्हाच कळतं, आणि दुसऱ्या अर्जाआधी अटी दुरुस्त करता येतात.

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितलं आहे. म्हणून फेरविचाराच्या वेळा कागदातच घाला: मूल पाच वर्षांचं होईल तेव्हा, शाळा बदलेल तेव्हा, तेराव्या वर्षी, आणि दहावीच्या वर्षाच्या सुरुवातीला, कारण क्लासचं वेळापत्रक पालकांच्या वेळापत्रकाला जुमानत नाही. अठराव्या वाढदिवशी ताब्याचा आदेश संपतो, कॉलेजची फी मात्र तेव्हाच सुरू होते. ती कोणत्या पदवीपर्यंत आणि कोणत्या प्रमाणात वाटायची, ही ओळ शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवा.